छत्रीवाल्याचा चेहरा

मेजरकाका दारात उभे होते ते खोकं पोटाशी घट्ट धरून. बेल त्यांनी कोपरानेच वाजवली होती. "हळू, हळू," असं स्वतःलाच बजावत ते आत आले, जेवणाच्या टेबलावरचं वर्तमानपत्र कोपराने बाजूला सारलं आणि खोकं असं टेकवलं, जणू आत तान्हं मूल झोपलंय.

"झाला एकदाचा तुमचा छत्रीवाला, वहिनी," ते म्हणाले. "चौथऱ्यावर बसवलाय. आता भूकंप झाला तरी हलायचा नाही."

छत्रीवाला म्हणजे रेझिनचा, वीतभर उंचीचा अर्धपुतळा. महायुद्धातला पॅराट्रूपर, विमानातून उडी टाकून हवाई छत्रीने शत्रूच्या पाठीमागे उतरणारा शिपाई. डोक्यावर जाळी बांधलेलं हेल्मेट, हनुवटीखाली आवळलेला पट्टा, अंगात हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा झगा, आणि छातीपाशी सगळं संपलेलं. बाबांनी आयुष्यभर असे शिपाई रंगवले. हा शेवटचा. रंगवून झाला, पण लाकडी चौथऱ्यावर बसवायचा राहून गेला, आणि बाबा गेले. तेवढं काम आईने मेजरकाकांवर सोपवलं होतं. येत्या रविवारी अशी मॉडेलं बनवणाऱ्यांच्या क्लबाचं प्रदर्शन होतं. तिथे हा बाबांच्या नावाने मांडायचा, हे बाबांनी स्वतः ठरवून ठेवलेलं होतं.

मेजरकाका कुठल्याच सैन्यात कधी नव्हते. ते दातांच्या कवळ्या बनवत. भरघोस मिशा आणि दिसेल त्याला हुकूम सोडायची सवय, म्हणून क्लबात कुणीतरी त्यांना मेजर म्हटलं, आणि ते इतकं चिकटलं की त्यांची बायकोही फोनवर "मेजर घरी नाहीत" म्हणे. बाबांचे ते सगळ्यात जुने मित्र, आणि सगळ्यात जुने प्रतिस्पर्धीही. प्रदर्शनात पहिलं कोण, यावरून दोघांत दरवर्षी महिनाभर अबोला असे. पहिले बहुतेक वेळा बाबाच येत.

लेक रजा काढून आईपाशी राहायला आली होती. तिने खोक्यातून पुतळा उचलला, टेबलावर ठेवला आणि वाकून पाहिला. चेहरा सुरेख उतरला होता. गालांवर वाऱ्याने आलेली लाली, जबड्यावर दोन दिवसांच्या दाढीची राखाडी सावली, डोळे किंचित बारीक केलेले, खालच्या अंधारात काहीतरी शोधणारे. आणि मग तिची नजर हनुवटीखालच्या पट्ट्यावर गेली.

तिथलं बक्कल सरळ होतं. चौकोनी, रेखीव, चारी कोपरे जागच्या जागी.

बाबांचं आजारपण नुकतंच सुरू झालं होतं तेव्हाची गोष्ट. ती अशीच दोन दिवस आली होती आणि बाबा बारीक करवतीने पुतळ्याचे सुटे भाग कापून काढत होते. टक् आवाज झाला, पट्ट्याचं बक्कल तुटलं आणि उडालं. मग ती फोनचा उजेड पाडत टेबलाखाली गुडघ्यांवर रांगली. तिला रंगाच्या डब्यांची झाकणं सापडली, कुठल्या तरी जुन्या घोडेस्वाराचा एक हात सापडला, एक मेलेलं झुरळ सापडलं. बक्कल काही सापडलं नाही. वरून बाबा हसत होते. "सोड गं. इतक्या उंचावरून उडी मारतो तो, बक्कल गेलं तर काय मरतोय?" मग त्यांनी स्वतःच्या गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पत्री कातरली, सुईने दुमडली, आणि तिचं बक्कल करून चिकटवलं. जरा वाकडंच बसलं. "जवळून कोण बघतंय?" ते म्हणाले, आणि लगेच, "मेजर बघेल. मेला भिंग घेऊन येतो."

ते वाकडं, पत्रीचं बक्कल तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. समोरचं बक्कल ते नव्हतं.

"बक्कल किती सुबक आहे ना, काका," ती म्हणाली.

"मग!" मेजरकाका एका दमात म्हणाले. "शेवटपर्यंत हात असा स्थिर होता तुझ्या बाबांचा. बक्कल बघ, शिवण बघ. आपल्याला जन्मात जमणार नाही."

ती विमा कंपनीत दावे तपासत असे. आग लागली, गाडी ठोकली, पाइप फुटून घरात पाणी शिरलं, असं लिहून पाठवणाऱ्यांचं खरं-खोटं पाहायचं हे तिचं पोटापाण्याचं काम. खरं बोलणारा माणूस अडखळतो, आठवतो, मध्येच स्वतःला खोडून काढतो, हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. आणि मेजरकाका, जे कुणाच्याही कामात आधी खोड काढत आणि मग चहा मागत, ते आज न अडखळता बाबांची तारीफ करत होते.

तिने आईकडे पाहिलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून एक कोरडा कप पुसत होती.

"छान झालंय," आई तिथूनच म्हणाली. टेबलापर्यंत ती आलीच नाही.

मेजरकाकांनी चहा नको म्हटलं, हेही नवल. ते गेल्यावर लेक म्हणाली, "आई, याचं बक्कल बघ जरा."

"मला काय दाखवतेस? मला बाहुली ती बाहुली."

"काकांकडे किती दिवस होता हा?"

"लागले तितके दिवस होता. गोंद वाळायला नको?"

"गोंद वाळायला इतका वेळ?"

"ऑफिसातून सुट्टी मिळालीय ना तुला? मग इथे कशाला ऑफिस मांडतेस?" आईने कप मांडणीवर ठेवला, पुन्हा उचलला आणि पुन्हा पुसायला घेतला.

लेक पुतळा घेऊन बाबांच्या खोलीत गेली. तिथे सगळं तसंच होतं. पडदे ओढलेले, पलंगाला जोडलेलं रंगकामाचं टेबल, बाटल्यांच्या रांगा, काचेच्या पेल्यात उलटे उभे ब्रश. शेवटच्या महिन्यांत औषधांमुळे बाबांच्या डोळ्यांना पांढरा उजेड सोसत नसे, म्हणून आईने टेबलावरच्या दिव्यात पिवळा बल्ब बसवला होता. तिने तो लावला आणि छत्रीवाला त्याच्याखाली ठेवला.

काहीतरी चुकत होतं. बाबा जाण्याआधीच्या भेटीत याच दिव्याखाली, याच टेबलावर तिने पुरा झालेला छत्रीवाला पाहिला होता. तेव्हा तो जिवंत वाटला होता, आता बोलेल असा. आता त्याच उजेडात हा लालबुंद दिसत होता, उडी मारण्याआधी अर्धी बाटली रिचवून आल्यासारखा. तिने डोळे चोळले. आठवणीवर भरवसा ठेवायचा नाही, हेही तिच्या कामाने तिला शिकवलं होतं. पण बक्कल म्हणजे आठवण नव्हे. तिच्या गुडघ्यांना ती फरशी अजून ठाऊक होती.

तिने क्लबाच्या सेक्रेटरीला फोन लावला. ते घड्याळं दुरुस्त करत, सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. प्रदर्शनात बाबांची जागा नक्की आहे ना, हे विचारण्याचं तिने निमित्त केलं.

"आहे म्हणजे? पहिल्या टेबलावर आहे," घड्याळजी म्हणाले. "मला तर वाटलं होतं यंदा धमाल येणार. तुला माहीत असेल ना त्यांची पैज?"

"कसली पैज?"

"अगं, दोघांनी एकच पुतळा मागवला होता. हाच छत्रीवाला, दोघांकडे एकेक. शेजारी शेजारी मांडू आणि लोकांनाच विचारू, कुणाचा सरस. मेजरने जागाही घेतली होती तुझ्या बाबांच्या शेजारची. मग परवा अचानक फोन, माझी जागा रद्द करा, माझा काही झाला नाही." घड्याळजींनी सुस्कारा सोडला. "मन लागत नसेल त्याचं. साहजिक आहे."

फोन ठेवून लेकीने छत्रीवाला पुन्हा हातात घेतला. म्हणजे छत्रीवाले दोन होते. एकाचं बक्कल तुटलेलं, दुसऱ्याचं शाबूत. शाबूत बक्कलवाला आपल्या घरात होता. मग बाबांचा कुठे होता, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि का, हेही तिला उघड दिसत होतं. आयुष्यभर ज्याच्या मागे दुसरं यावं लागलं, त्याचं शेवटचं आणि सगळ्यात चांगलं काम मेजरकाकांना सोडवलं नव्हतं. स्वतःचा पुतळा त्यांनी विधवेच्या गळ्यात मारला होता आणि बाबांचा कपाटात दडवला होता. उद्या दुसऱ्या कुठल्या गावच्या प्रदर्शनात तो मेजरच्या नावाने झळकला तर कोण ओळखणार होतं?

तिला रडू आलं नाही. राग आला, आणि रागाने तिला बरं वाटलं. गेले कित्येक दिवस तिच्या हाताला धरायला काही नव्हतं. आता होतं. बाबांच्या बोटांनी शेवटी ज्याला स्पर्श केला ती वस्तू या जगात कुठेतरी होती, आणि ती तिला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला "जरा जाऊन येते" एवढंच सांगून ती पुतळा पिशवीत घालून निघाली.

मेजरकाकांची प्रयोगशाळा एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला होती. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर पेशंटच्या नावाची चिकटपट्टी. टेबलावर गुलाबी मेणाचे तुकडे, छोटा बर्नर, आणि सगळ्यावर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर. मेजरकाका फिरत्या चाकावर एक कवळी घासत होते.

"ये पोरी. त्या खुर्चीवरचे दात उचल आणि बस."

तिने दात उचलले. "काका, चौथरा डुगडुगतोय."

"अशक्य." त्यांनी मान वर केली नाही. "मी बसवलेलं डुगडुगत नाही. ना दात, ना छत्रीवाला."

तिने पुतळा काढून जबड्यांच्या मध्ये ठेवला. "बरं, नाही डुगडुगत. पण बाबांनी बक्कल गोळ्यांच्या पत्रीचं केलं होतं. मूळ तुटून हरवलं होतं. मी तिथे होते, काका. मीच शोधत होते जमिनीवर."

चाक फिरत राहिलं. कवळी त्याच्यापासून बाजूला झाली होती, तरी ते घरघरत राहिलं. मग मेजरकाकांनी बटण बंद केलं.

"पडला तो माझ्या हातून," ते म्हणाले. "मोडला. तुमच्यासमोर यायला तोंड नव्हतं, म्हणून माझा दिला."

"मग तुकडे द्या."

"फेकले."

"तुम्ही? बाबा सांगायचे, मेजर शिपायाचं तुटलेलं बोटसुद्धा डबीत घालून ठेवतो."

मेजरकाकांनी मिशीवरची भुकटी पुसली. ती अधिकच पसरली.

"तुम्हाला तो हवा होता," ती म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिने दात हातात घट्ट धरले होते. "कायमच हवा होता तुम्हाला. बाबा होते तोवर जमलं नाही, आता जमवलंत."

"मला?" ते ताडकन उभे राहिले. "मला हवा होता? तो?"

त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला, भिंतीतलं कपाट उघडलं. आत खालच्या खणात छत्रीवाल्याचं चित्र असलेलं एक रिकामं खोकं होतं, बाबांकडे होतं तसंच. त्याच्या मागून त्यांनी कापसाच्या पट्ट्यांत गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. दोन्ही हातांनी. ते गुंडाळलं होतं फार निगुतीने, एवढं तिलाही कबूल करावं लागलं.

"घे. पण उजेडात नको बघूस."

ती सरळ खिडकीपाशी गेली आणि पट्ट्या सोडल्या.

हेल्मेटची जाळी अप्रतिम होती, गाठ न् गाठ वेगळी. हनुवटीखाली पत्रीचं वाकडं बक्कल. पण त्याच्यावरचा चेहरा निळा होता. नुसती निळसर झाक नव्हे. गाल जांभळट, ओठ राखेच्या रंगाचे, डोळ्यांखाली शाईसारखे डाग. दोन दिवस पाण्यात राहिलेल्या माणसाचा असतो तसा. एक डोळा किंचित बाहेरच्या बाजूला कलला होता. एका गालावर रंग जाड बसला होता आणि त्यात ब्रशाचा एक केस अडकून तसाच वाळला होता. बाबा असा केस दुसऱ्या कुणाच्या कामात सहन करत नसत. स्वतःच्या कामात त्यांना तो दिसलाच नव्हता.

तिच्या पाठीमागे मेजरकाका बोलत होते. "पिवळ्या दिव्याची करामत आहे ती. पिवळ्या उजेडात सगळंच पिवळं पडतं, म्हणून हात आपसूक निळा घालत जातो. दिव्याखाली चेहरा झकास दिसतो. बाहेर आणला की मढं. नवशिके हमखास फसतात. क्लबात नवीन आलेल्या प्रत्येकाला तुझे बाबाच सांगायचे, दर थराला खिडकीत नेऊन बघा म्हणून. आणि..." ते थांबले. "खिडकी तरी कुठे राहिली होती त्याला?"

तिने पुतळा खाली ठेवला नाही. "मग तुमच्या पुतळ्याचं बक्कल का नाही बदललंत? पत्रीचं दिसलं असेलच तुम्हाला. तुमचं भिंग असतं ना."

"दिसलं की. पत्रीही कापून ठेवली होती." त्यांनी खरोखरच टेबलाचा खण ओढून चंदेरी तुकडा दाखवला. "पण त्याच्या नावाखाली मुद्दाम वाकडं बक्कल लावायचं? हात पुढे होईना. म्हटलं, जाऊ दे, कोण बघतंय जवळून?"

तिला हसू फुटलं, आणि ते हसू नको त्या ठिकाणी जाऊन रडण्यात मोडलं. मेजरकाकांनी तिच्यापुढे रुमाल धरला. त्याला प्लॅस्टर लागलेलं होतं.

"मला का नाही सांगितलंत?" जरा वेळाने तिने विचारलं.

"शब्द दिला होता."

"कुणाला?"

ते पुन्हा खुर्चीत बसले, कवळी उचलली, आणि तिच्या एकेका दाताकडे निरखून पाहू लागले. उत्तर द्यायची त्यांना गरजही नव्हती. पुतळा त्यांच्या हाती सोपवणारं माणूस एकच होतं.

घरी आली तेव्हा आई बाबांच्या खोलीत होती. पडदे तिने पहिल्यांदाच उघडले होते आणि ब्रश धूत होती, जे धुवायची काही गरज नव्हती. लेकीने दोन्ही छत्रीवाले टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. आईने पाहिलं आणि नळ बंद केल्यासारखं तिच्या हातांचं हलणं थांबलं.

"त्या मेजरच्या पोटात काही राहील तर शपथ," ती म्हणाली.

"त्यांनी नाही सांगितलं. मी ओळखलं. तू सांगितलंस ना त्यांना, पुतळा बदला म्हणून?"

"सांगितलं. मग?"

"का, आई?"

"लोकांनी हसावं त्यांना? शेवटी शेवटी?"

लेक काही बोलली नाही. बोलायचं थांबलं की समोरचं माणूस पुढे बोलतं, हा तिच्या धंद्यातला डाव होता, आणि तो ती आपल्या आईवर टाकते आहे याची तिला लाजही वाटली. पण कारण पुरं नव्हतं. हसण्याची भीती एवढीच असती तर आई काल टेबलापर्यंत आली असती.

आईने ब्रश पेल्यात ठेवले. मग पलंगाच्या कडेला बसली.

"रोज विचारायचे ते," ती म्हणाली. "एक थर झाला की माझ्या हातात द्यायचे. जरा बाहेर खिडकीत नेऊन बघ गं, रंग कसा दिसतोय. त्यांना ठाऊक होतं सगळं. त्यांना काय शिकवायचं? त्यांचे पाय चालत नव्हते, म्हणून माझे वापरत होते. मी न्यायची. बघायची. आणि परत येऊन सांगायची, छान दिसतोय."

बाहेर कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"तुला दिसत होतं?"

"रंगातलं मला काही कळत नाही. मेलेलं माणूस कळतं." आईचा आवाज कोरडा होता. "पहिल्या दिवशी बघितलं तेव्हाच दिसलं. म्हटलं, सांगू. आत गेले तर ते उशीवर मान टाकून वाट बघत होते. इतके दमले होते. एवढासा गाल रंगवायला अख्खी सकाळ गेलेली. मी म्हटलं, छान. मग दुसऱ्या दिवशी कसं सांगू, काल खोटं बोलले म्हणून? आणि ते माझ्या शब्दावर थर चढवत गेले. माझ्याच शब्दावर, बघ."

"आई..."

"थांब. तुला ऐकायचं होतं ना? सांगितलं असतं तर दुरुस्त केलं असतं त्यांनी. पडल्या पडल्यासुद्धा केलं असतं. आता हा तिथे मांडला की लोक म्हणणार, हात गेला होता, डोळे गेले होते, म्हातारा शेवटी चुकला. ते चुकले नाहीत गं. त्यांनी बरोबर विचारलं होतं."

लेकीला म्हणावंसं वाटलं, मीही छानच म्हटलं असतं. पण ते खरं आहे की नाही याची तिला खात्री नव्हती, आणि खात्री नसलेलं या खोलीत आणखी काही बोललं जायला नको होतं. ती आईच्या शेजारी बसली. तिच्या मनात आईविषयी राग होता, मेजरांविषयी होता त्याहून जास्त. आणि तो राग असतानाच तिने आईचा ओला हात आपल्या हातात घेतला होता.

"मला हा हवा," शेवटी ती म्हणाली.

"मग ठेव की घरात. कोण नाही म्हणतंय?"

"बाबांनी घरात ठेवायला नाही केला. मांडायला केला. आणि तो दुसरा बाबांच्या नावाने गेला, तर लोक जे बघतील ते बाबांनी केलेलंच नसेल. मग बाबा कुठे राहिले त्यात?"

आई उठली. "तुला खायला काय करू?" म्हणाली, आणि निघून गेली. त्या दिवशी, आणि नंतरही, त्या दोघी दुधाविषयी, धोब्याविषयी, बँकेतल्या नावबदलाविषयी बोलल्या. छत्रीवाल्याविषयी नाही. आई रात्री उठून खोलीत जाते की काय, असा संशय लेकीला आला, आणि रोज सकाळी ती आधी जाऊन दोन्ही पुतळे जागेवर आहेत ना ते पाहत होती. निळा पुतळा एखाद्या सकाळी "पडून फुटलेला" असेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं. स्वतःच्या आईविषयी.

रविवारी ती तयार होऊन बाहेर आली तर आई आधीच दारात होती. केस विंचरलेले, पर्स खांद्याला, आणि एक खोकं पोटाशी धरलेलं.

"दुसरं तू घे," आई म्हणाली. "मेजरचं. हे मी आणते."

"आई, तू यायलाच हवं असं नाही."

"चल, उशीर होतोय."

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं. लांब टेबलांवर पांढरी कापडं, त्यांवर रणगाडे, जहाजं, घोडेस्वार, आणि प्रत्येकापुढे नावाची चिठ्ठी. घड्याळजी धावतच पुढे आले. आईने खोकं उघडून छत्रीवाला टेबलावर ठेवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं, फक्त त्यातली खुशी निघून गेली.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "त्या मागच्या कोपऱ्यात ठेवू का? तिकडे उजेड जरा मऊ आहे. बरा दिसेल."

"खिडकीपाशी ठेवा," आई म्हणाली.

मेजरकाका खांबाशी उभे होते. लेकीने त्यांचा छत्रीवाला त्यांच्या हातात दिला. पहिलं टेबल खिडकीपाशीच होतं, आणि बाबांशेजारची जागा घड्याळजींनी कुणालाच दिलेली नव्हती. मेजरकाकांनी आपला पुतळा तिथे ठेवला आणि चिठ्ठीवर स्वतःचं खरं नाव लिहिलं. थोड्याच वेळात लोक जमले. "मेजर, कमाल केलीत," कुणी म्हणालं. मेजरकाकांच्या मिशांखाली काहीतरी हललं, आणि लेकीने ते टिपलं. त्यांनी खरंच फक्त आईच्या शब्दाखातर सगळं केलं होतं? की एकदा तरी आपलं काम बाबांच्या नावाखाली उभं राहून पहिलं आलेलं पाहायचं होतं त्यांना? तिला कळेना. कदाचित त्यांनाही कळत नसावं. जो माणूस "या वेळी तुम्ही त्याला मागे टाकलंत" म्हणाला, त्याच्याकडे मात्र मेजरकाकांनी अशा नजरेने पाहिलं की तो रणगाड्यांकडे सरकला.

क्लबात नवीनच आलेला एक चष्मेवाला गृहस्थ खिडकीपाशी वाकून, हात पाठीमागे बांधून, बराच वेळ निळ्या चेहऱ्याकडे पाहत होता. लेक पुढे झाली. उत्तर तिने घरीच तयार करून आणलं होतं: आजारपण, औषधं, दिवा.

"जाळी काय सुंदर केलीय," तो गृहस्थ म्हणाला. "पण चेहरा असा का झाला?"

लेकीने तोंड उघडायच्या आत आई तिच्या बाजूने पुढे आली.

"त्यांनी मला विचारलं होतं, रंग कसा दिसतोय," आई म्हणाली. "मला दिसत होतं, निळा झालाय. मी छान म्हणून सांगितलं."

गृहस्थाने आईकडे पाहिलं, पुतळ्याकडे पाहिलं. "अच्छा," असं म्हणून त्याने उगाच चष्मा पुसला. आई तिथून हलली नाही. घड्याळजींनी तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली, आणि ती छत्रीवाल्याच्या शेजारी, पर्स मांडीवर घेऊन बसली. लोक येत, वाकत, विचारत. पहिल्या दोघा-तिघांना तिने सगळं सांगितलं, पाय, खिडकी, रोजचा थर. मग उत्तर आखूड होत गेलं. दुपार झाली तेव्हा कुणी विचारलं तर ती एवढंच म्हणे, "त्यांचं नाही चुकलं," आणि पुढच्या माणसाला दिसावं म्हणून आपली खुर्ची जराशी मागे घेई.